टोपलीतला उन्हाळा : घोडबंदर रोडवरची फळे, भाज्या आणि सातशे वर्षांची बेगमी

१/
वैशाखातल्या सकाळी माजिवड्याहून गायमुखाकडे निघाले की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी नावे एकामागून एक येतात. मेट्रोच्या खांबांच्या सावलीत, पदपथाच्या कडेला, येऊरच्या बाजूच्या पाड्यांवरून आलेल्या बायका टोपल्या मांडून बसलेल्या दिसतात. करवंदे, जांभळे, रायवळ कैऱ्या, ताडगोळे, एखादा फणस. तराजू क्वचितच, माल वाट्यावर विकला जातो. शेजारच्याच दुकानात हापूसच्या पेट्या, कलिंगडांचे ढीग आणि वाशीहून आलेली भेंडी. हा धागा या दोन्ही टोपल्यांच्या इतिहासाचा आहे.

२/
उन्हाळी फळे निवडावी कशी, टिकवावी कशी आणि शिजवावी कशी, हे ज्ञान सहसा ‘आजीच्या युक्त्या’ या सदरात ढकलले जाते. प्रत्यक्षात त्यामागे तीन मोठ्या शक्ती दिसतात : समुद्रावरचा व्यापार, चार महिन्यांचा पावसाळा आणि सरकारी कायदा. पहिलीने टोपलीत नवी फळे आणली, दुसरीने ती टिकवायला शिकवले आणि तिसरीने टोपलीवर हक्क कोणाचा हे ठरवले. तिसरा प्रश्न अजून सुटलेला नाही.

३/
आधी रस्त्याचे नाव. घोडबंदर हे वसईच्या खाडीवरचे जुने बंदर. अरबी घोड्यांच्या व्यापारावरून हे नाव पडले, असे परंपरा सांगते. पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला. १७३७ साली साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. पुढे इंग्रजी काळात वांद्र्याहून उत्तरेकडे घोडबंदरला जाणाऱ्या रस्त्यालाही ‘घोडबंदर रोड’ म्हणत. मुंबईत त्याच रस्त्याला आज स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतात. म्हणजे साष्टी बेटाच्या दोन्ही अंगांनी येणाऱ्या वाटा या एकाच बंदराचे नाव सांगत होत्या. बंदर ओस पडले, नाव ठाण्याच्या बाजूला टिकले.

४/
ठाण्याच्या फळांचा परदेशी साक्षीदार फार जुना आहे. १३२१ साली जॉर्डानस नावाचा फ्रेंच ख्रिस्ती धर्मोपदेशक ठाणे-सोपारा परिसरात होता. त्याच्या चार सहकाऱ्यांचा त्याच वर्षी ठाण्यात वध झाला आणि त्यांचे दफन त्याने सोपाऱ्याला केले. पुढे त्याने हिंदुस्थानातील नवलांविषयी लॅटिन भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात आलुबुखाऱ्यासारख्या, पण बऱ्याच मोठ्या एका फळाचे वर्णन येते. त्याची गोडी शब्दांत सांगता येत नाही, असे तो म्हणतो. फळाचे नाव तो ‘अनिबा’ असे देतो. मराठी कानाला त्यात ‘आंबा’ लगेच ऐकू येतो.

५/
त्याच पुस्तकात फणसही आहे. फळ एवढे मोठे, की एक पाच माणसांना पुरावे. ते डहाळीला न लागता खोडाला आणि थेट मुळांपर्यंत लगडते, याचे त्याला विशेष नवल वाटले. तो दोन जाती सांगतो : ‘चाकी’ आणि ‘ब्लोकी’. त्यानंतर काही वर्षांनी हिंदुस्थानात आलेला इब्न बतूताही फणसाची ‘शकी’ आणि ‘बरकी’ अशी दोन नावे नोंदवतो. आजच्या कोकणात फणसाचे दोन प्रकार मानतात : कापा आणि बरका. ‘बरकी’ आणि ‘बरका’ यांतले साम्य चटकन लक्षात येण्याजोगे आहे.

६/
हा भेद स्वयंपाकघरात आजही कामाचा आहे. काप्याचे गरे घट्ट आणि कुरकुरीत, ते नुसते खावेत. बरक्याचे गरे लिबलिबीत आणि रसाळ. त्यांची सांदणे होतात, फणसपोळी होते. फणस निवडताना तीन गोष्टी पाहतात. काटे एकमेकांपासून दूर जाऊन बोथट झालेले असावेत, बोटांनी ठोकल्यावर आवाज पोकळ यावा आणि वास लपू नये. भाजीसाठी मात्र कोवळी कुयरी हवी, जिच्यात गरे आणि आठळ्या अजून वेगळ्या झालेल्या नाहीत. चिरण्याआधी हाताला आणि विळीला तेल लावायचे. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाने मात्र सुटतो.

७/
दुसरा महत्त्वाचा साक्षीदार गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राही आणि मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. हिंदुस्थानी औषधी आणि फळे यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आशियात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. आंब्यावरील संवादात तो आपल्या मुंबईच्या बेटावरील एका झाडाचा अभिमानाने उल्लेख करतो. ते झाड वर्षातून दोनदा फळत असे, एकदा मेअखेरीस आणि एकदा अवेळी. अवेळी आलेल्या फळाचे मोल अधिक, हे बाजाराचे गणित तेव्हाही असेच होते.

८/
ओर्ताने आंबा टिकवण्याच्या पद्धतीही नोंदवल्या आहेत. साखरेच्या पाकात, व्हिनेगर, तेल आणि मिठात, आत ओले आले आणि लसूण भरून. त्याच्या दोनशे वर्षे आधी इब्न बतूतानेही मिठात मुरवलेल्या कैऱ्या जेवणाबरोबर खाल्ल्याचे लिहिले आहे. या दोन्ही वर्णनांत मिरची नाही. ती अमेरिकेची वनस्पती, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली आणि मग सर्वत्र पसरली. मराठीने तिला नावही जुन्या मिऱ्याचेच दिले. आज ज्या लाल तर्रीशिवाय लोणचे ओळखू येत नाही, ती या पदार्थाच्या दीर्घ आयुष्यात बरीच उशिरा आलेली आहे.

९/
घोडबंदर गावाच्या अलीकडे, याच रस्त्यावर, काजूपाडा नावाचे ठिकाण आहे. काजू मूळचा ब्राझीलचा. तुपी भाषेतला शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि तो मराठीत येऊन पाड्याच्या नावात बसला. हिंदुस्थानातील काजूची आरंभीची नोंद १५७८ सालच्या क्रिस्तोव्हाव द कोश्ताच्या ग्रंथात मिळते. पपई, अननस, बटाटा, कोबी हे शब्दही पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले. पेरू, सीताफळ, चिकू ही फळेही अटलांटिकपलीकडचीच. ज्या टोपलीला आज ‘गावठी’ म्हणतात, तिच्यातली निम्मी फळे परदेशातून येऊन गावची झालेली असतात.

१०/
आंबा मात्र इथलाच. पोर्तुगीजांनी त्याला दिले ते कलम. कोयीपासून उगवलेले झाड आईसारखेच फळ देईल याची खात्री नसते. कलमाने ती मिळते. गोव्यात कलमांचे प्रयोग झाले आणि निवडक झाडांना माणसांची नावे मिळाली. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला इटालियन प्रवासी मनुची गोव्याच्या आंब्यांची अशी नावे देतो. त्यांत एक अफोन्सो आहे. त्याच नावाचा मराठी उच्चार म्हणजे हापूस. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हेही आहेत.

११/
कलमी नसलेला, कोयीपासून वाढलेला आंबा म्हणजे रायवळ. प्रत्येक झाडाची चव वेगळी, बाठा मोठा, धागे भरपूर. तो कापून खाण्याचा नाही. तो पिळून चोखायचा किंवा बाठ्यासकट रायत्यात घालायचा.
आंबा निवडताना रंगावर विसंबू नये. फळ पुरते भरले की देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर येतात आणि देठ खळग्यात बसलेला दिसतो. दुसरी कसोटी पाण्याची. पक्व झालेले फळ पाण्यात बुडते, कोवळे तरंगते. कोवळे फळ कितीही दिवस ठेवले तरी पिकत नाही, ते सुरकुतते.

१२/
झाडावरून झेल्याने अलगद उतरवलेला आंबा आढीत घालतात. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर फळे, वर पुन्हा पेंढा. साधारण आठ-दहा दिवसांत फळ तयार होते. मधूनमधून आढी उघडून पिकलेले पुढे काढायचे, डागी बाजूला करायचे. ‘एक नासका आंबा सगळी आढी नासवतो’ ही म्हण याच अनुभवातून आली. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो. फळ स्वतःच हा वायू तयार करते, हे रिचर्ड गेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३४ साली सिद्ध केले. आढी लावणाऱ्यांना वायूचे नाव ठाऊक नव्हते, त्याचे काम मात्र पक्के ठाऊक होते.

१३/
शहराला आठ दिवस थांबायला वेळ नव्हता. तेव्हा कॅल्शियम कार्बाइड आले. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि फळाचा रंग भराभर पालटतो. पण आत आंबटपणा राहतो. शिवाय औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. अन्नसुरक्षा नियमांनुसार फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत वापरायला मात्र परवानगी आहे. ग्राहकाने ओळखावे ते असे : सालीचा रंग सर्वत्र एकसारखा पिवळा, पण देठाजवळ वास नाही आणि फळ कडक, तर ते घाईने पिकवलेले समजावे. आढीतल्या आंब्याचा वास आधी येतो, रंग मागून.

१४/
आता पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ठाण्यावर पाऊस येतो. पूर्वी तो आला की समुद्र बंद होई आणि नारळी पौर्णिमेपर्यंत गलबते किनाऱ्याला लागलेली असत. कच्चे रस्ते चिखलात जात, मासळी दुर्मीळ होई, शेतात राबणाऱ्या घरात भाजी नसे. म्हणून चैत्र-वैशाखातले ऊन हे केवळ सोसायचे नसे, ते वापरायचे असे. अंगणात वाळवणे पडत. या साऱ्या तयारीला मराठीत नेमका शब्द आहे : बेगमी. बेगमी कमी पडली की श्रावणात घरातल्या ताटांत ते दिसे, आणि ते सर्वांत आधी घरातल्या बायकांच्या ताटात दिसे.

१५/
बेगमीचा राजा म्हणजे लोणचे. त्यासाठी कैरी कडक, आंबट, बाठा नुकता धरलेली हवी. फोडी पुसून कोरड्या करायच्या आणि मीठ-हळद लावून ठेवायच्या. मीठ फोडीतले पाणी ओढून बाहेर काढते. आधीच आंबट असलेल्या त्या खारात कुजवणारे जंतू वाढत नाहीत. मग मोहरी, मेथी, हिंग. वर तेलाचा थर, जो हवेला अडवतो. चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधायचा आणि ओला चमचा बरणीत जाऊ द्यायचा नाही. घरोघरी पाळलेल्या या सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांतला एक भाग शुद्ध अन्नशास्त्राचा होता.

१६/
आंबोशी म्हणजे मीठ लावून कडक वाळवलेल्या कैरीच्या फोडी. आमटीत दोन टाकल्या की चिंचेचे काम होते. कोकमाच्या साली त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवल्या की आमसूल. ओर्ताने या लाल-आंबट फळाचीही दखल घेतली होती. त्याच्या साली व्हिनेगरसाठी जहाजांतून जात. फणसाच्या आठळ्या मातीत घोळून किंवा राखेत ठेवत आणि पावसात भाजून, उकडून खात. साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत याच दिवसांत मिरच्या आणि अनेक मसाले उन्हात तापवून कुटले जात आणि बाटल्यांत ठासून भरले जात. त्या मसाल्याचे नावच ‘बॉटल मसाला’. भिन्न धर्मांच्या स्वयंपाकघरांवर पावसाची शिस्त मात्र एकच होती.

१७/
घोडबंदरच्या किल्ल्यावरून खाडीपलीकडे पाहिले की वसई तालुका. तिथली खास बेगमी म्हणजे सुकेळी. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, अनेक दिवस उन्हात वाळवतात. ती मधासारख्या रंगाची, चिवट आणि गोड होतात, आणि मग केळीच्याच वाळक्या पानांत बांधतात. १८८२ सालच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आगाशीच्या सुक्या केळ्यांची वाखाणणी आहे. साखर न घालता, केवळ ऊन आणि वेळ यांवर तयार होणारा हा पदार्थ आता मोजकी घरेच करतात. राजेळीच्या बागांची जमीन घरांनी घेतली, आणि दिवसभर केळी उलटायला माणूस उरले नाही.

१८/
आता पाड्यावरची टोपली. करवंद घ्यावे ते काळेभोर आणि देठाशी टवटवीत. हिरवे असेल तर लोणच्याला. जांभूळ टपोरे, साल न फाटलेले. दोन्ही आणल्याबरोबर धुऊ नयेत, खाताना धुवावीत. ओलसर राहिली की बुरशी धरते. ताडगोळा दाबून पाहावा : मऊ असेल तर आत पाणी आहे, घट्ट असेल तर जून झाला. साल काढल्यावर तो फार वेळ टिकत नाही, म्हणून सालीसकट थंड जागी ठेवून त्याच दिवशी संपवावा. ही फळे पेटीत भरून दूर पाठवता येत नाहीत. म्हणूनच ती अजून पाड्यावरच्या बाईच्या हातात उरली आहेत.

१९/
या टोपलीतून गेलेली एक वस्तू म्हणजे मोहाची फुले. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचून, वाळवून ठेवली की वर्षभर पुरत. भाजून, उकडून, पिठात मिसळून खाता येत. वारली, कातकरी, ठाकूर यांच्यासाठी धान्य संपल्यावरचा हा आधार होता. पण त्याच फुलांची दारूही होते. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी आणि दारूवर सरकारी पकड घट्ट झाली. १८९२ साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध घातले. महसुलासाठी एका समाजाची बेगमीच संशयास्पद ठरली.

२०/
जंगलाचेही तसेच. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात राबासाठी फांद्या तोडणे, लाकूडफाटा आणणे, गुरे चारणे यांवर मर्यादा आल्या. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली ठाणे आणि कुलाब्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. स्वातंत्र्यानंतर येऊरचे डोंगर राष्ट्रीय उद्यानात आले, आणि राष्ट्रीय उद्यानातून वनोपज नेण्यास १९७२ चा वन्यजीव कायदा प्रतिबंध करतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर वनवासींचा हक्क मान्य केला. मोहाच्या फुलांवरचे निर्बंध महाराष्ट्राने २०२१ साली शिथिल केले. वाट्यावरची करवंदे या दोन कायद्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने रस्त्यापर्यंत येतात.

२१/
दुसऱ्या टोपलीचा प्रवास वेगळा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. त्यानंतर भाजीपाला मुंबईकडे ओढला जाऊ लागला. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. १९९६ च्या सुमारास फळे आणि भाज्यांचा घाऊक बाजार वाशीला गेला. आता मुरबाड-शहापूरच्या शेतातली भेंडी वाशीला जाऊन घोडबंदर रोडवर परत येऊ शकते. म्हणून घेताना टोक मोडून पाहण्याची जुनी सवय अजून उपयोगी पडते. टोक कट्कन मोडले तर भेंडी ताजी, वाकले तर तिचा प्रवास लांबला.

२२/
उन्हाळी भाज्यांचे बाकी नियमही असेच साधे. दुधीच्या सालीत नख सहज रुतावे. पडवळ हाताला घट्ट लागावे. गवार मोडताना दोरा फार निघू नये. कलिंगडाच्या जमिनीवर टेकलेल्या बाजूला पांढरा नव्हे, लोण्यासारखा पिवळा डाग असावा. लाल भोपळा न कापता कोरड्या जागी महिनोनमहिने राहतो. कापला की दोन दिवसांचा. कांद्याच्या वेण्या करून टांगायच्या, कारण त्याला हवा हवी. बटाटा त्याच्या शेजारी ठेवायचा नाही, नाहीतर दोन्ही लवकर खराब होतात. कैरी आणि सुकट जवळा एकत्र शिजवणारी आगरी-कोळी पद्धत ही तर हंगामाचीच जोडणी : एक नुकतीच उतरवलेली, दुसरा वाळवून ठेवलेला.

२३/
१९५८ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा शीतकपाट बाजारात आणला. पुढे तो मध्यमवर्गीय घरात रुळला तशी बेगमी मागे पडली. सोय मोठी झाली, पण एक गैरसमजही आला, की थंडीत सारेच टिकते. कच्चा आंबा सुमारे १२-१३ अंशांखाली ठेवला तर त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते. केळ्याची साल काळी पडते. काकडी आणि भेंडीही फार थंडी सोसत नाहीत. आंबा आधी बाहेर पिकू द्यावा, मग थंड करावा. उष्ण प्रदेशातल्या फळांना उष्णतेची सवय असते. आढी, माठाशेजारची ओली फडकी आणि टांगलेली शिंकी ही त्या सवयीशी जुळवून घेतलेली साधने होती.

२४/
हे ज्ञान छापलेही गेले. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ आले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. आंबेडाळ, पन्हे, मेथांबा, साखरांबा यांना मापे मिळाली, ती घराबाहेरच्या मुलींनाही शिकता आली. पण छापील पानावर आले ते प्रामुख्याने शहरी, शिकल्या-सवरल्या घरांचे स्वयंपाकघर. मोहाची फुले किती वाळवावीत, करवंदाची कोणती जाळी आधी पिकते, जंगलातली कोणती भाजी पहिल्या पावसानंतर उकडून पाणी टाकूनच खावी, हे ज्यांना ठाऊक होते त्यांचे पुस्तक कोणी छापले नाही. ते अजून तोंडीच आहे.

२५/
१९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंची शेते आणि वाड्या उंच इमारतींखाली गेल्या. वाघबीळ, ओवळा, कावेसर ही गावे आता बसथांब्यांची आणि गृहसंकुलांची नावे आहेत. रायवळीचे झाड पडले की त्या चवीची दुसरी प्रत कुठे नसते, कारण कलम कोणी केलेले नसते. पदपथ मोकळे करण्याच्या मोहिमेत पहिली उठते ती वाट्यावर विकणारी बाई, कारण तिच्याकडे दुकान नाही आणि परवानाही नाही.

२६/
जॉर्डानसने सातशे वर्षांपूर्वी ज्या फळांची नवलाई लिहिली, ती फळे विकणारे कोण होते हे त्याने लिहिले नाही. ओर्ताने आपल्या आंब्याच्या झाडाचे कौतुक केले. झाडाची राखण करणाऱ्याचे नाव त्याच्या ग्रंथात नाही. गॅझेटियरने सुक्या केळ्यांची नोंद केली, ती वाळत घालणाऱ्या हातांची नाही. ही उणीव आज भरून काढणे अवघड नाही. पुढच्या वैशाखात टोपलीसमोर थांबले, तर वाटा घेताना दोन प्रश्न विचारता येतात : हे झाड कुठले, आणि हे टिकवता कसे? उत्तर लिहून ठेवले, तर तो या रस्त्याच्या इतिहासाचा अस्सल दस्तऐवज होईल. जूनमध्ये पाऊस आला की टोपल्या उठतात.